वेंडेलचा गुडघा

वेंडेल केलेमेनचा डावा गुडघा कामातून गेला आहे, हे सगळ्या बुडापेस्टात तिघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः. दुसरी त्याची बायको एतेल. आणि तिसरा ओबुडाचा खाटीक होर्न्याक, कारण त्याच्याच बुटाखाली तो गेला होता. बाकी कोबान्यातल्या वीटभट्टीवाल्यांपासून बिअरच्या कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांच्या लेखी वेंडेल म्हणजे वारा. उजव्या बगलेनं चेंडू घेऊन सुटला की मागे नुसती धूळ.

तो मूळचा भट्टीवरचाच पोर. विटांचे गाडे ढकलत मोठा झाला. माती काढून काढून रिकाम्या झालेल्या खाणीच्या तळाशी कॉलेजातली काही पोरं कातडी चेंडू घेऊन यायची आणि माणसं कमी पडली की गाडेवाल्यांना हाका मारायची. वेंडेल असाच एकदा हाकेला ओ देऊन खाली उतरला, तो पुन्हा मनानं कधी वर आलाच नाही. त्या काळात फुटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे हे धड कुणाला कळत नव्हतं. एतेलच्या बापाला, आंब्रूशला, तर मुळीच नाही. तो भट्टीवरचा जुना मुकादम. वेंडेलनं मागणी घातली तेव्हा त्यानं मिशीवरचा बिअरचा फेस पुसत पोरीला विचारलं, "करतो काय हा?"

"गाडे ओढतो. आणि खेळतो."

"खेळतो? पत्ते?"

"फुटबॉल."

"म्हणजे ते चड्डीवर पळतात ते? पोरी, घोडा पळतो तेव्हा मागे गाडी असते. कुत्रं पळतं तेव्हा पुढे ससा असतो. हा कशापायी पळतो?"

"लोक बघायला येतात, बाबा."

"लोक फाशी बघायलाही जातात," आंब्रूश म्हणाला. पण पोरीनं हट्ट धरला होता आणि आई नसलेल्या पोरीपुढे त्याचं फार चालत नसे. लग्न झालं.

वेंडेल ज्या भट्टी क्लबकडून खेळायचा, त्याचे अध्यक्ष त्सोबोर साहेब. मोठा बिअर हॉल त्यांचा, पोटही तसंच. आपला हुकमी खेळाडू गाडे ओढून थकतो हे त्यांना बघवेना. त्यांनी ओळखीपाळखीनं वेंडेलला गॅसच्या कारखान्यात कोठारावर चिकटवलं, तिथल्याच चाळीत एक खोली आणि स्वयंपाकघर मिळवून दिलं. खेळण्याबद्दल पैसे घ्यायची सोय नव्हती, पण पोटाची अशी सोय व्हायची. मात्र ती कशाच्या जोरावर टिकून आहे, हे सगळ्यांना कळत होतं. वेंडेलच्या आधी त्याच बगलेला खेळणाऱ्याचा घोटा मोडला होता. तो आता त्सोबोर साहेबांच्याच तळघरात पिंपं लोटायचा आणि साहेब समोरून गेले तरी त्याचं नाव त्यांना आठवत नसे.

म्हणून लग्नानंतरच्या पानगळीत, ओबुडाच्या संघाशी सामना चालू असताना, त्यांचा दांडगा बचावपटू, तो खाटीक होर्न्याक, वेंडेलवर येऊन आदळला आणि गुडघ्यात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, तेव्हा वेंडेल ओठ चावून उठला. होर्न्याकनं तो आवाज ऐकला होता. तो पुरता पांढरा पडला होता.

"मोडला का रे?" त्यानं हळूच विचारलं.

"गप्प बस," वेंडेल म्हणाला. "कुणाला बोललास तर जीव घेईन."

पायात गोळा आला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. बर्फाचे महिने लागले, सामने थांबले, म्हणून निभावलं. पण वसंतात कळलं की गुडघा तो गुडघा राहिलेला नाही. सरळ धावला तर चालायचा, चांगला चालायचा. पण मध्येच, काही कारण नसताना, वाटी जागची सरकायची. मग वेंडेल मोजा वर ओढायचं निमित्त करून वाकायचा, हातानं ती जागेवर बसवायचा आणि पुन्हा पळायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, काय ऐटबाज आहे, मोजे सुद्धा ढळू देत नाही.

दर रविवारी सकाळी एतेल त्याच्या गुडघ्याला फ्लॅनेलची पट्टी आवळून बांधायची आणि वरून लांब मोजा चढवायची.

"घट्ट झालं?"

"अजून."

"रक्त थांबेल मेल्या."

"थांबू दे. अर्ध्या खेळाला सोडतो."

मग ती मैदानावर जायची, कुंपणाजवळ उभी राहायची, आणि दोन्ही डाव संपेपर्यंत तिची नजर त्या एका गुडघ्यावरून हलायची नाही. चेंडू कुठे गेला, गोल कुणी केला, तिला पत्ता नसे. लोक ओरडले की ती दचकायची आणि आधी गुडघा बघायची. शेजारची शार्लोटा मावशी, जिचा मुलगा गोलकीपर होता, ती तिला कोपरानं ढोसायची, "अगं, घरी बघतेस ते पुरत नाही का? इथंही नवऱ्याच्या पायांवरच डोळा!" बाया खिदळायच्या. एतेलही हसायची आणि शालीआड मुठी आवळायची. सामना संपला की तिच्या तळव्यांवर नखांच्या खुणा असायच्या.

अशी दोन वर्षं गेली आणि लढाई सुरू झाली.

पहिल्याच उन्हाळ्यात अर्धा संघ गेला. शार्लोटा मावशीचा मुलगा गॅलिशियाच्या आघाडीवर गेला आणि थंडीच्या आधी त्याची बातमी आली. मावशी पुन्हा कधी कुंपणाशी दिसली नाही. वेंडेल मागे राहिला, कारण एकविसाव्या वर्षी लष्करानं त्याला तपासून परत पाठवलं होतं. छाती अरुंद, नालायक, असा शेरा होता. तेव्हा तो गाडे ओढणारा काटकुळा पोर होता. आता फुटबॉलनं ती छाती चांगली भरली होती, आणि जुन्या नालायकांना पुन्हा तपासायला बोलावणार अशी कुणकुण सुरू झाली, तशी एतेलला रात्रीची झोप लागेना.

त्यातच ईस्टरला विधवांच्या मदतीसाठी सामना ठरला.

"तू खेळू नकोस," एतेल म्हणाली.

"विधवांसाठी आहे."

"मला त्यांच्यात बसवायचंय का? आत्ता दहा लोकांनी तुला पळताना बघायला नकोय. आत्ता लंगड. रस्त्यावरून जाताना लंगड. कोठारात लंगड."

"दोन वर्षं लंगडू नकोस म्हणून बांधत होतीस."

"तेव्हा तेव्हाचं. आता आताचं."

पण शार्लोटा मावशीचं नाव त्या विधवा-मातांच्या यादीत होतं, आणि वेंडेलला घरात बसवेना. तो खेळला. आणि नशीब असं खट्याळ, की त्या दिवशी गुडघा एकदाही सरकला नाही. लोक नंतर कितीतरी दिवस त्या सामन्याबद्दल बोलत होते. एतेलला एवढंच आठवत होतं की पट्टी शेवटपर्यंत जागेवर होती.

मे महिन्यात बोलावणं आलं. आदल्या दिवशी तिनं त्याला समोर बसवलं. "उद्या सांगायचं. लाज सोडायची आणि सांगायचं."

वेंडेलनं गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "पोरं गेली सगळी, एतेल. ज्यांनी मला चेंडू दिले ती पोरं. मी गुडघा दाखवून घरी येऊ?"

"खोटं सांगायला थोडंच सांगतेय? खरं सांगायला एवढं जड जातं का?"

"नोकरी?"

"जाऊ दे. बाबा गाडा देतील."

"गाडा ओढायला गुडघा लागतो," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं. शेवटी त्यानं कबूल केलं. सांगीन म्हणाला.

तपासणी शाळेत होती. बायका फाटकाबाहेर उभ्या. आत एकेकाला नागडं करून उभं करत होते. एतेल भिंतीला टेकून उभी होती आणि उघड्या खिडकीकडे कान लावून होती. सकाळ सरली तरी आतून नुसतं पुटपुटणं येत होतं. मग एकदम हशा पिकला. मोठा, पोट धरून हसल्यासारखा. कशावर हसले हे एतेलला कळलं नव्हतं, पण कुणावर हसले ते कळलं होतं.

वेंडेल बाहेर आला तेव्हा त्याच्या टोपीला भरतीची रंगीत फीत लावलेली होती.

"सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"सांगितलं. तुझ्या गळ्याशपथ सांगितलं." त्याचं तोंड उतरलं होतं. "डॉक्टरनं नाव वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाला, 'केलेमेन? कोबान्याचा केलेमेन? अहो, ईस्टरला तुम्ही तिघांना गुंगारा दिलात तेव्हा मी माझी टोपी हवेत फेकली, ती अजून सापडलेली नाही!' मी म्हटलं, साहेब, माझा गुडघा गेलाय. सगळे हसायला लागले. त्यानं उठबशा काढायला लावल्या. काढल्या."

"मग?"

"मग काय. नतद्रष्ट गुडघा, शहाण्यासारखा वागला. डॉक्टर म्हणाला, 'असा गेलेला गुडघा मला दोन्ही पायांना द्या.'"

एतेल त्याच पावली त्सोबोर साहेबांकडे गेली. ते हॉलमध्ये बसून डुकराच्या पायांची जेली खात होते. तिनं सगळं सांगितलं, पट्टीपासून मोज्यापर्यंत. साहेबांनी काटा खाली ठेवला.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला फसवलंत."

"हो, साहेब."

"आणि आता मी जाऊन सांगू की क्लबनं दोन वर्षं लंगडा माणूस खेळवला? पोरी, लोक म्हणतील त्सोबोरनं पोराला लपवायला गोष्ट रचली. आमच्या क्लबवर लष्कराचा आधीच डोळा आहे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "घाबरू नकोस. नावाजलेल्या पोरांना पुढे पाठवत नाहीत. पलटणीचा संघ असतो. तिथं खेळेल."

तिला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. दारापर्यंत तिनं ठेवलाही. रस्त्यावर आल्यावर तो टिकला नाही.

मग एकच माणूस उरला. दुसऱ्या दिवशी ती ट्राम बदलत बदलत नदीपलीकडे ओबुडाला गेली आणि विचारत विचारत होर्न्याकच्या दुकानात शिरली. तो अर्ध्या वासराशी झटत होता. तिनं नाव सांगताच त्याचा सुरा थांबला.

"कसा आहे गुडघा?" त्यानं आधी हेच विचारलं.

एतेलला एकाएकी रडू आलं. आपल्याखेरीज कुणी हा प्रश्न विचारेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. होर्न्याकनं हात पुसले, तिला खोक्यावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मी येतो, वहिनी," तो म्हणाला. "मीच मोडला. सांगायला काय जातंय."

"तुम्हाला त्रास तर नाही होणार?"

"मला? मी कत्तलखान्यातून लष्कराला मांस पुरवतो. मला भरतीतून सूट आहे."

भरतीच्या कचेरीत टेबलामागे एक तरुण अधिकारी बसला होता. होर्न्याक त्याच्यापुढे टोपी काढून उभा राहिला. दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं होतं. त्यानं सांगितलं, मी केलेमेनचा गुडघा मोडला, आवाज मी ऐकला, खाटीक आहे, सांधा निखळल्याचा आवाज मला कळतो. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे पुढच्या मोसमात याच गुडघ्यानं तो तुम्हाला चकवून गेला?"

होर्न्याक खाली मान घालून म्हणाला, "दोनदा."

"बरं. आणि तुम्ही एवढे धडधाकट इथं काय करताय? तुमचं नाव?"

एतेल झटकन पुढे झाली. "साहेब, हे फक्त माझ्यासाठी आलेत," ती म्हणाली. पण अधिकारी होर्न्याककडेच बघत होता. होर्न्याकनं नाव सांगितलं. दुसरं काय करणार? महिना उलटायच्या आत त्याची सूट रद्द झाली.

ही बातमी वेंडेलला लागली ती भलत्याच तोंडून, आणि तो घरी आला तो पेटलेला. "होर्न्याककडे? त्या खाटकाकडे गेलीस? माझ्यासाठी भीक मागायला?"

"मी कुणाच्याही दारात गेले असते."

"आता तोही चालला. कळतंय का तुला? माझ्यापायी अजून एक चालला."

"कळतंय!" ती ओरडली. "रात्रंदिवस तेच कळतंय मला!"

त्यानंतर ते दोघं कितीतरी वेळ स्वयंपाकघरात दोन भिंतींना पाठ टेकून बसले. चुलीवरचं बीन्सचं सूप लागलं, त्याचा वास सुटला, तरी कुणी उठलं नाही. शेवटी वेंडेलच उठला आणि भांडं उतरवलं. "करपलेलं सुद्धा खातो मी," तो म्हणाला. "तिथं याहून वाईट असणार." ती हसली नाही, पण ताटं तिनंच मांडली.

पानगळीत गाडी सुटली. स्टेशनावर बँड होता, पण लोकांना आता बँडची सवय झाली होती, कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आंब्रूशही आला होता. त्यानं जावयाच्या हातात कागदात गुंडाळलेली तिखट लावलेल्या डुकराच्या चरबीची मोठी लादी कोंबली आणि म्हणाला, "आता पळायला कारण मिळालं तुला. चांगला पळ." बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं आणि तो मिशी चावत दुसरीकडे बघायला लागला. वेंडेलनं म्हाताऱ्याला मिठी मारली. दोन डबे पुढे खिडकीतून होर्न्याकचं डोकं दिसत होतं. त्यानं एतेलकडे बघून टोपी उचलली, आणि तिनं मान खाली घातली.

त्यांची पलटण इटलीच्या सरहद्दीवर गेली, दोबेर्दोच्या पठारावर. परत आलेले जखमी ट्राममधून बोलायचे ते एतेलच्या कानावर पडायचं, कारण गॅसच्या कारखान्याची खोली सोडून बापाकडे यावं लागल्यावर ती ट्रामवर कंडक्टर झाली होती. पुरुष कमी पडले तेव्हा शहरानं बायकांना घ्यायला सुरुवात केली होती. जखमी सांगायचे, तिथं माती नाहीच. नुसता दगड. दगडावर दगड, फटी, खड्डे, कपारी. चालायचं ते उड्या मारत. एतेल तिकीट फाडता फाडता थांबायची. उड्या मारत! लोक हाका मारायचे, "अहो बाई, सुट्टे द्या की!" आणि तिच्या डोळ्यांपुढे तो गुडघा एका धारदार कपारीवर सरकत असायचा. सगळे पुढे पळतायत, वेंडेल मोजा ओढायला वाकतोय, आणि तिथं कुणी पंच नाही शिट्टी वाजवायला.

त्याची कार्डं यायची. सुखरूप आहे, थंडी आहे, होर्न्याक माझ्याच तुकडीत आहे, घोरतो फार. गुडघ्याबद्दल चकार शब्द नाही. ती दर वेळी विचारायची, तो दर वेळी दुसरंच लिहायचा. पलटणीचा संघ आहे का, असं तिनं विचारलं. त्यावर त्यानं लिहिलं, इथं सपाट जागा एवढीच की टोपी ठेवावी. कार्ड यायला उशीर झाला की तिला अन्न जायचं नाही. कार्ड आलं की हिशेब सुरू व्हायचा की हे लिहून किती दिवस झाले असतील, मधल्या दिवसांत काय झालं असेल. एकंदरीत, कार्ड येवो न येवो, तिला चैन नव्हतं. आंब्रूश म्हणायचा, "पोरी, जेव. तुझ्या न जेवण्यानं त्याला गोळी चुकणार नाही." ती म्हणायची, "गोळीचं नाही बाबा. गुडघ्याचं." म्हाताऱ्याला त्यातलं काही कळत नसे.

जूनमध्ये लष्कराची छापील चिठ्ठी आली. शिपाई वेंडेल केलेमेन, शत्रूच्या तोफगोळ्यानं, धारातीर्थी. बस्स. एतेलनं ती चिठ्ठी वाचली, घडी घातली, आणि पाळीवर निघून गेली. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर चालकानं तिला खाली उतरवलं आणि आंब्रूशला बोलावणं धाडलं.

मग तिच्या मनानं एकच घेतलं. तो वेळेवर उठू शकला नाही. सगळे आडोशाला पळाले, याचा गुडघा सरकला, आणि हा तिथंच राहिला. आणखी जोरात भांडले असते तर, ईस्टरला खोलीला कडी घातली असती तर, त्या डॉक्टरच्या पायांवर लोळण घेतली असती तर. ती हे मनात इतक्यांदा बघायची की तिला ते पठार पाठ झालं होतं.

ऑगस्टात होर्न्याक रजेवर आला. एका दुपारी तो बापलेकींच्या दारात उभा राहिला. निम्मा झाला होता, दारातून आत येताना वाकावंही लागलं नाही. आंब्रूश भट्टीवर गेला होता. एतेलनं त्याला मक्याचा पाव आणि मनुक्याचा मुरंबा दिला. तो खाईपर्यंत ती उभीच होती.

"गुडघा सरकला ना?" ती म्हणाली.

होर्न्याकनं मान हलवली. "नाही, वहिनी. सूपाच्या रांगेत होतो आम्ही, आघाडीच्या मागे. पळत नव्हतो, काही नाही. भांडं हातात घेऊन उभे. गोळा लांब पडला. पण तिथं गोळ्यापेक्षा दगड जास्त मारतो. एक कपची आली. इथं." त्यानं मानेला बोट लावलं. "त्याला कळलं सुद्धा नाही. माझ्याकडे बघून काहीतरी चेष्टा करत होता, ती पुरीही झाली नाही."

"खोटं सांगताय."

"नाही."

"माझं समाधान करायला सांगताय. तो पळू शकला नाही. खरं सांगा मला."

"खरंच सांगतोय."

"शपथ घ्या!"

होर्न्याकनं पावाचा तुकडा खाली टाकला. "वहिनी, तो गुडघा मी मोडला," तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "तो गुडघ्यानं मेला असता तर तो कुणी मारला असता? मी! इटलीनं नाही, मी! तिथं रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी त्याला विचारायचो, पाय कसा आहे? चिडायचा माझ्यावर. म्हणायचा, 'बायको परवडली, तू नको.' चढावर त्याची पिशवी मी घ्यायचो. एकदाच सरकला, फेब्रुवारीत, तेव्हा पाठीवर घेऊन आलो त्याला खाली. आणि शेवटी सूपाच्या रांगेत. नुसता उभा असताना!"

तो बोलायचा थांबला आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला. एतेल त्या हातांकडे बघत राहिली. तो खरं सांगतोय की त्यालाही हेच खरं असायला हवंय, हे तिला ठरवता येईना. कदाचित दोन्ही. तिनं पुन्हा शपथ मागितली नाही. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि खाली पडलेला पावाचा तुकडा उचलून, फुंकून त्याच्या ताटलीत ठेवला.

त्यानं तो खाल्ला. मग ती म्हणाली, "एक विचारू? तो खेळायचा कसा?"

होर्न्याकला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही तर दर रविवारी असायचात."

"असायचे. पण खेळ नाही बघितला कधी. मला भीती वाटायची."

होर्न्याक उठला. त्यानं टेबल भिंतीला सरकवलं, खुर्ची मधोमध ठेवली. "ही खुर्ची म्हणजे मी," तो म्हणाला. "मी इथं. आणि तो तिकडून, दाराकडून. घाईत नाही बरं का. सगळ्यांना वाटायचं तो वेगात येतो, पण माझ्यापर्यंत आला की तो हळू व्हायचा. अगदी थांबल्यासारखा. माझ्याकडे बघायचा, जसं काही विचारणारच आहे, 'काय होर्न्याक, आज मांस काय भाव?' आणि मी उत्तर द्यायला म्हणून जरा टाच टेकवली, की..." त्यानं खांदा डावीकडे झुकवला, उजवीकडून खुर्चीला वळसा घातला आणि थेट चुलीवर जाऊन आदळला. किटली गडगडत खाली आली. "असा जायचा," तो पोटरी चोळत म्हणाला. "म्हणजे किटली न पाडता."

एतेलला हसू फुटलं. हसता हसता ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "परत दाखवा." त्यानं परत दाखवलं. आंब्रूश भट्टीवरून आला तेव्हा एक अनोळखी लुकडा शिपाई त्याच्या स्वयंपाकघरात खुर्चीभोवती धावत होता आणि पोरगी डोळ्यांना रुमाल लावून विचारत होती, "आणि मग? मग काय करायचा?" म्हाताऱ्यानं टोपी काढली, कोपऱ्यात बसला, आणि तोही बघायला लागला.

निघताना एतेल होर्न्याकबरोबर फाटकापर्यंत गेली.

"तुमच्यामागे इथं कोण आहे?" तिनं विचारलं.

"आई होती. हिवाळ्यात गेली."

"माझ्यामुळे तुम्ही तिथं आहात."

"जाऊ द्या, वहिनी. सूट सगळ्यांचीच जात होती. उद्या नाही तर परवा."

"कार्ड मला टाका," ती म्हणाली. "न चुकता."

तो परत आघाडीवर गेला. पुढचे दोन आठवडे कार्ड आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एतेल पोस्टमन दिसला की ट्रामच्या पायरीवरून वाकून बघायला लागली आणि तोच जुना दिवसांचा हिशेब पुन्हा सुरू झाला. तिला वाटलं होतं, निदान हा तरी आता संपला असेल. चौथ्या आठवड्यात कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं, सुखरूप आहे, रात्री आता मीच जागतो, कारण घोरतोस म्हणून ओरडायला कुणी नाही.

युद्ध आणखी दोन वर्षं चाललं. होर्न्याक त्यातून बाहेर आला, डावा कान बहिरा होऊन, आणि ओबुडाचं दुकान त्यानं पुन्हा उघडलं. भट्टी क्लबही पुन्हा सुरू झाला, त्सोबोर साहेबांनी हॉलच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली, त्यात वेंडेलचं नाव वरून चौथं होतं. पुरुष परत आल्यावर बहुतेक बायकांना ट्रामवरून कमी केलं, एतेलला ठेवलं. ओबुडाच्या मार्गावर तिची पाळी असली की दुकानासमोरच्या थांब्यावर गाडी जरा जास्त वेळ थांबायची, आणि आतून कुणीतरी सुरा उंचावून हात करायचा. ती घंटा वाजवायची, आणि गाडी पुढे निघायची.